फरशी पुसून वाळली की पांढुरकी आणि चिकट का दिसते? साबण वाढवू नका, कमी करा

फरशी झाडली, पुसली, वाळली. उभ्याने बघितलं तर लख्ख. पण खिडकीतून तिरपा उजेड आला की खरं काय ते दिसतं. पोछा ज्या दिशेने फिरला त्या दिशेचे पट्टे, मधूनच थेंब वाळल्याचे गोल डाग, आणि सगळ्यावर साय धरावी तसा धुरकट थर. अनवाणी चाललं की तळवा उचलताना किंचित ओढ लागते. संध्याकाळपर्यंत येण्याजाण्याच्या वाटेवर पावलांचे ठसे उमटतात. मग दुसऱ्या दिवशी आपण लिक्विड जरा जास्त घालतो, जोरही जास्त लावतो, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच.

मी हा त्रास बरेच महिने काढला. आमच्या टाइल्स गडद करड्या, आरशासारख्या पॉलिशच्या. अशा फरशीवर काहीही लपत नाही. मुलगी रांगायला लागली तसा मी फरशीच्या बाबतीत फारच काटेकोर झालो. बाटलीवर एक टोपण लिहिलेलं असायचं, मी दोन घालायचो, वरून जंतुनाशकाची धार, आणि हे रोज. थर मात्र वाढतच गेला.

एक दिवस तिच्या हातून पाण्याचा पेला सांडला. नुसतं पिण्याचं पाणी. मी हाताला लागलं ते पांढरं सुती फडकं घेतलं, गुडघ्यावर बसलो आणि ते टिपताना थोडं घासलं. हाताखाली फेस आला. साबणाचा एक थेंबही न घालता, फडक्याच्या कडेने बारीक बुडबुड्यांची रांग उभी राहिली. फडक्याचा कोपरा करडा झाला. तो वीतभर तुकडा वाळल्यावर त्यात छतावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ, धारदार रेघेसारखं दिसत होतं. तुकडा संपला त्या जागेपासून पुढे तीच रेघ पसरट आणि धूसर होती. म्हणजे जे मी रोज घासून काढू बघत होतो ते मीच रोज बादलीतून आणून पसरत होतो. आणि त्यावरून रांगून मुलगी तेच हात तोंडात घालत होती. त्या दिवसापासून मी हा विषय मनावर घेतला.

आधी थर कशाचा आहे ते ओळखा

उपाय करण्याआधी दहा मिनिटं निदानाला द्या. थर साबणाचा, क्षाराचा, तेलाचा की मेणाचा, यावर उपाय बदलतो, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर नुकसान होऊ शकतं.

कोपऱ्यातली किंवा सोफ्याशेजारची एक फरशी निवडा. त्यावर अर्धा कप कोमट साधं पाणी टाका आणि पांढऱ्या सुती फडक्याने मिनिटभर घासा. फडकं आधी दोनतीनदा नुसत्या पाण्यात खळबळून घेतलेलं असावं, नाहीतर फडक्यातलाच साबण फेस दाखवेल. फेस आला, पाणी जरा बुळबुळीत लागलं, तर साबण साचला आहे. फेस नाही, ओलं असताना फरशी छान दिसते पण वाळली की खडूसारखी पांढुरकी होते, आणि जुन्या प्लास्टिक कार्डाची कड फिरवली की बारीक भुकटी निघते, तर ते पाण्यातले क्षार. पाणी पसरायच्या ऐवजी थेंब धरून राहतं आणि बोट ओढलं की ओरखडल्यासारखी रेघ उमटते, तर तेल किंवा मेण.

चौथी शक्यता बहुतेकांच्या लक्षात येत नाही. संगमरवरावर निस्तेज डाग आहे, कार्डाने काहीच निघत नाही, आणि डागाचा आकार थेंबाचा, ओघळाचा किंवा बाटलीच्या बुडाचा आहे. तिथे दगडावर काही साचलेलं नाही. आम्लाने दगडाचं पॉलिश खाल्लं आहे. त्यावर कितीही पुसा, काही होणार नाही. तो भाग पुन्हा घासून पॉलिशच करावा लागतो. असे डाग ‘साफ करायला’ म्हणून आणखी व्हिनेगर ओतणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे इथेच सांगून ठेवतो.

बहुतेक घरांत दोष एकच नसतो. साबणाच्या थरात क्षार अडकलेले असतात आणि त्यावर धूळ बसलेली असते. पण ज्याचा वाटा मोठा तिथून सुरुवात करावी.

साबण: सगळ्यात मोठा गुन्हेगार

साबण किंवा क्लीनर काम कसं करतो हे एकदा समजलं की हात आपोआप आखडता होतो. त्याच्या रेणूला दोन टोकं असतात. एक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे. तेलाकडची टोकं मळाच्या कणाला वेढतात, पाण्याकडची बाहेर राहतात, आणि तो कण पाण्यात तरंगायला लागतो. इथवर साबणाचं काम झालं. पुढचं काम पाण्याचं आणि फडक्याचं आहे: तरंगणारा मळ उचलून बादलीत नेणं. आपण तो उचललाच नाही आणि फरशी तशीच वाळू दिली, तर पाणी उडून जातं आणि मळ साबणासकट जागेवर बसतो. साबण काही उडून जात नाही.

‘थोडा जास्त घातला तर जास्त स्वच्छ होईल’ हा समज इथेच चुकतो. पाण्यात साबणाचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की जादा रेणू आपापसात गोळे करून राहतात. रसायनशास्त्रात त्यांना मिसेल म्हणतात. ही मर्यादा ओलांडल्यावर पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पसरायच्या ऐवजी थेंब धरून राहायची ओढ, आणखी कमी होत नाही. साधी घरगुती धूळ पुसायला त्या जादा साबणाचा उपयोग नसतो, तो फक्त वाळून मागे राहतो.

एक साधा हिशोब करून बघा. 10 चौरस मीटरची खोली पुसल्यावर फरशीवर एक लिटर पाणी मागे राहिलं, तर त्याचा थर होतो फक्त 0.1 मिलिमीटर. डोळ्यांना ती नुसती ओली फरशी वाटते. आता समजा 5 लिटर पाण्यात तुम्ही 50 मिलिलिटर लिक्विड घातलं आणि त्यात 10 टक्के क्रियाशील घटक, म्हणजे प्रत्यक्ष साफ करणारं रसायन, आहे. म्हणजे बादलीत 5 ग्रॅम, आणि खोलीत वाळायला सोडलेल्या एका लिटरमध्ये 1 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी त्यातला काही भाग निघतो, पण नवा ग्रॅम पडतो. महिनाभर हे चाललं की थर दिसायला लागतो. आणि तो चिकट असल्याने चपलांची माती, केस, कापसाचे तंतू धरून ठेवतो. ‘पुसल्यावर फरशी लवकर मळते’ ही तक्रार त्यातूनच येते.

बाटलीवर ‘नंतर धुण्याची गरज नाही’ असं लिहिलेलं असतं, ते सांगितलेल्या मापापुरतं खरं असतं. माप डोळ्याने घेऊ नका. टोपण किती मिलिलिटरचं आहे ते एकदा औषधाच्या मापट्याने मोजा, बादलीत 5 लिटरची खूण मार्करने करा. मी हे केलं तेव्हा कळलं की ज्याला मी ‘एक टोपण’ समजत होतो ती धार प्रत्यक्षात तिपटीच्या जवळ होती.

दोन उत्पादनं एकत्र घालणं हे याहून वाईट. अनेक जंतुनाशक लिक्विडमध्ये बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं. त्याच्या रेणूवर धन भार असतो. नेहमीच्या डिटर्जंटच्या रेणूवर ऋण भार असतो. दोन्ही एका बादलीत घातले की ते एकमेकांना चिकटतात, जंतुनाशकाचा परिणाम घटतो आणि न विरघळणारा चिकटा तयार होतो. म्हणजे निर्जंतुकही नाही आणि स्वच्छही नाही. जंतुनाशक लागणारच असेल तर आधी साफ करून, साध्या पाण्याने पुसून, मग वेगळं वापरा.

कपड्यांची पावडर फरशीला वापरू नका. तिच्यात धुण्याचा सोडा असतो, भरीला सोडियम सल्फेट असतं. कपडे तीनदा खळबळून धुतले जातात म्हणून तिथे ते चालतं. फरशी कोणी तीनदा खळबळत नाही. खायच्या सोड्याचंही तेच: वाळला की पांढरी भुकटी. आणि फिनेलसारखी जी द्रावणं पाण्यात पडल्यावर दुधाळ होतात, त्यांतला तो पांढरा रंग म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे थेंब. पाणी वाळलं की त्या तेलाचा काही भाग वासासकट फरशीवरच राहतो. वास येतोय म्हणजे स्वच्छ झालं, असं समजू नका.

पाणी जड असेल तर

साबण मापात आहे, तरी पांढुरकं दिसतं? मग पाण्याकडे बघा. नळाच्या तोटीवर, बादलीच्या आतल्या कडेवर पांढरे पापुद्रे धरत असतील तर पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर आहेत. क्षार लिटरला 120 मिलिग्रॅमच्या वर गेले की पाणी जड धरतात, 180 च्या वर अतिशय जड. बोअरचं पाणी 300 ला सहज पोचू शकतं. वरचाच हिशोब लावा: खोलीत एक लिटर वाळलं की 300 मिलिग्रॅम क्षार फरशीवर. शिवाय साबण खरा साबण असेल, म्हणजे तेल आणि कॉस्टिकपासून बनवलेला, तर तो या कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा साका बनवतो. न्हाणीघराच्या भिंतींवर जो पांढरा राप चढतो, तोच हा.

आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते पुसायला वापरणारी घरं पुष्कळ आहेत. पाणी वाचवण्याची भावना योग्यच आहे, पण चकचकीत फरशीला ते पाणी योग्य नाही. यंत्र चार भाग पाण्यातून एक भाग शुद्ध आणि तीन भाग बाहेर टाकत असेल, तर चारही भागांतले जवळजवळ सगळे क्षार त्या तीन भागांत जातात. मूळ पाण्यापेक्षा ते साधारण सव्वा ते दीडपट जड. ते संडासात ओता, गच्ची किंवा खडबडीत अंगण धुवायला घ्या, आतल्या फरशीला नको.

जड पाण्यावरचा खरा उपाय रसायनात नाही. पाणी कमी मागे ठेवणं, एवढंच. पोछा इतका पिळा की हवेत धरल्यावर एकही थेंब गळणार नाही. एका लिटरऐवजी पाव लिटर मागे राहिलं तर क्षारही पाव. आणि जे राहिलं ते वाळायच्या आत कोरड्या फडक्याने टिपलं तर क्षार फडक्यात जातात. गडद टाइल्स असतील आणि पाणी फारच जड असेल, तर शेवटचा हात देण्यापुरतं एक-दोन लिटर गाळलेलं आरओचं पाणी घ्या. तेवढ्यात मोठी खोली होते.

पंखा फुल्ल लावून पुसायची सवय असेल तर ती सोडा. पंख्याने पाणी उडतं, क्षार आणि साबण नाही. पंखा कोरडा हात मारून झाल्यावर लावा. भर उन्हात तापलेल्या फरशीचंही हेच: पोछा पुढे जातो न जातो तोच मागे पट्टे वाळलेले असतात.

फडकं आणि पोछा

मायक्रोफायबर चांगलं का, तर त्याचा तंतू एक डेनियरहून बारीक असतो. म्हणजे 9,000 मीटर तंतूचं वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. इतक्या बारीक तंतूंच्या फटीत मळ आणि पाणी दोन्ही ओढलं जातं. पण हेच फडकं फॅब्रिक कंडिशनरमध्ये धुतलं की तंतूंवर मेणकट थर बसतो, फटी बुजतात आणि ते पाणी शोषायच्या ऐवजी पुढे ढकलायला लागतं. वर तो थर थोडाथोडा फरशीवरही उतरतो. म्हणून पोछ्याला कंडिशनर कधीच नाही. डिटर्जंट निम्मं, शेवटचं खळबळणं दुप्पट.

परीक्षा सोपी आहे. धुतलेलं, वाळलेलं फडकं काचेच्या भांड्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवा आणि पिळा. पाणी ढवळल्यावर फेस दिसला तर तुमची फरशी रोज साबणाने पुसली जातेय, मग बादलीत तुम्ही काहीही घाला.

सुती पोछाही चालतो, पण तो जाड असतो आणि आतून वाळत नाही. कुबट वास यायला लागला की तो मळ उचलत नाही, पसरवतो. तो बदलायलाच हवा.

आता साचलेला थर कसा काढायचा

हे काम एकदाच करायचं आहे, पण नीट करायचं. सुट्टीच्या दिवशी एक खोली घ्या, अख्खं घर एकदम नको. ही कृती सिरॅमिक, व्हिट्रिफाइड आणि ग्रॅनाइटसाठी आहे. संगमरवर, लाकूड यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

आधी कोरडं. झाडून घ्या, मग कोरड्या मायक्रोफायबरने किंवा व्हॅक्यूमने कोपऱ्यातली बारीक धूळ काढा. ओल्या फडक्याखाली धूळ आली की तिचा चिखल होतो आणि सांध्यांत जाऊन बसतो.

मग दोन बादल्या. एकीत कोमट साधं पाणी, दुसरी पोछा खळबळून पिळायला. सुरुवातीला साबण अजिबात नाही. फरशीवरच पुरेसा आहे, तोच कामाला येईल. दोन-तीन फरशांचा पट्टा ओला करा, तीन-चार मिनिटं ओला राहू द्या, कारण जुना थर विरघळायला वेळ लागतो. मग मऊ ब्रशने किंवा फडक्याने घासा. फेस दिसेल. तो पोछ्याने उचला, दुसऱ्या बादलीत खळबळा, पिळा, पुन्हा पहिल्या बादलीत बुडवून तोच पट्टा पुसा. लगेच कोरड्या फडक्याने टिपा. मग पुढचा पट्टा. दुसऱ्या बादलीचा तळ दिसेनासा झाला की पाणी ओतून द्यायचं. आमच्या एका खोलीला मला ते पाणी चार वेळा बदलावं लागलं, आणि पहिल्या वेळी ओतलेल्या मळक्या पाण्यावर चहाच्या कपातल्या सायीइतका जाड फेस होता.

साध्या पाण्याने दोन फेऱ्या होऊनही तेलकटपणा राहिला, विशेषतः स्वयंपाकघरात ओट्याच्या पायथ्याशी, तर 5 लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा अर्धा चमचा. त्याहून जास्त नको. त्यानंतर साध्या पाण्याच्या दोन फेऱ्या सक्तीच्या. तळणाची वाफ हवेत जाते तशी फरशीवरही उतरते, आणि तिथे धूळ बसून पिवळट किटण होतं. ते एका दिवसात निघालं नाही तर दुसऱ्या दिवशी परत करा, तारेचा चोथा मात्र लावू नका.

क्षाराचा थर उरला असेल तर सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइडवर, आणि फक्त त्यांच्यावर, 4 लिटर पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये साधारण 5 टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असतं आणि ते क्षार विरघळवतं. पण टाइल्सचे सांधे सिमेंटचे असतात आणि सिमेंटलाही आम्ल खातं. म्हणून सांधे आधी साध्या पाण्याने भिजवून घ्या, म्हणजे ते आम्ल कमी शोषतील. द्रावण दोन-तीन मिनिटांत उचला, भरपूर साध्या पाण्याने पुसा, आणि हे रोजचं करू नका.

एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. ब्लीच आणि कोणतंही आम्ल, मग ते व्हिनेगर असो, लिंबू असो की संडास साफ करायचं लिक्विड, एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनचे वायू. हे दोन्ही वायू फुप्फुसांना घातक. काल ब्लीचने पुसलं असेल तर आज व्हिनेगर लावण्याआधी फरशी साध्या पाण्याने दोनदा पुसा, खिडक्या उघडा. एकाच बादलीत दोन्ही कधीच नाही.

रोजची पद्धत, थर पुन्हा साचू नये म्हणून

एकदा फरशी मोकळी झाली की रोज फार थोडं लागतं. आमच्याकडे आता आठवड्यातले पाच दिवस नुसतं साधं पाणी, दोन दिवस मोजलेलं लिक्विड, तेही बाटलीवर लिहिलेल्या मापाच्या निम्मं. लिक्विडच्या दिवशी मागोमाग साध्या पाण्याचा एक हात. वेळ सात-आठ मिनिटं जास्त जातो. पण दर पंधरवड्याला रगडत बसायचा तास वाचतो.

दाराच्या विरुद्ध कोपऱ्यातून सुरू करा आणि मागे मागे या. पोछा पुढे-मागे रेटण्यापेक्षा आडवा, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे नागमोडी न्या, म्हणजे मळ पोछ्याच्या एकाच कडेवर जमतो आणि पुसलेल्या भागावर परत पडत नाही. खोली बदलली की पाणी बदला. हॉलमधून सुरू करून शेवटी झोपायच्या खोलीत पोचेपर्यंत एकच बादली वापरली, तर झोपायच्या खोलीत हॉलची माती पातळ करून लावली जाते.

पोछा मारून पुढे गेल्यावर मागे फरशी साधारण एक-दोन मिनिटांत वाळायला हवी. पाच मिनिटं ओली राहत असेल तर पोछा पुरेसा पिळलेला नाही.

घरात काम करायला मदतनीस ताई येत असतील तर त्यांना फक्त ‘कमी घाला’ सांगून भागत नाही. माप दाखवा, ते टोपण वेगळं काढून ठेवा, दोन बादल्या द्या, पोछा दर महिन्याला नवा द्या. कमी फेसाला ‘कामचुकारपणा’ म्हणायची आपलीच सवय असते. जास्त फेस दिसावा म्हणून त्या जास्त घालतात. आमच्या ताईंना मी सांडलेल्या पाण्याची गोष्ट सांगितली आणि त्यांच्याच हाताने एका फरशीवर घासून बघितलं. त्यानंतर मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

फरशीचा प्रकार बघून

संगमरवर, चुनखडीचा दगड आणि मोझॅक, तिघांतही कॅल्शियम कार्बोनेट आहे. मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे असतात आणि ते सिमेंटने धरलेले असतात. यांना व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक आम्ल, संडासचं लिक्विड, काहीही आंबट नको. संगमरवर तसा मऊच, कठीणपणा मोजायच्या मोह्स मापावर 3 च्या आसपास. वाळूतलं क्वार्ट्झ 7 आहे, ते संगमरवराला ओरखडे पाडतं, म्हणून पुसण्याआधी नीट झाडणं इथे सगळ्यात महत्त्वाचं. थर काढायला फक्त कोमट पाणी आणि दगडासाठीचा उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा, पीएच 7 च्या जवळचा क्लीनर. बाकी कृती वरचीच, फक्त धीर जास्त.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, 0.5 टक्के किंवा त्याहून कमी. मग ती मळकट का होते? कारखान्यात पॉलिश करताना वरचा पापुद्रा घासला जातो आणि आतली सूक्ष्म छिद्रं उघडी पडतात. साबणाचा थर त्यांत मळ भरून ठेवतो. म्हणून या टाइल्सवर घासण्याआधीची ती तीन-चार मिनिटं सोडू नका.

लाकूड आणि लॅमिनेटवर बादलीचा प्रश्नच नाही. फडकं ओलसर, हाताला गार लागेल इतकंच. लॅमिनेटच्या आत लाकडाच्या भुशाचा दाबलेला पट्टा असतो, त्याच्या सांध्यात पाणी गेलं की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत. वाफेचा पोछाही इथे नको.

विनाइलवर भिंतीलगत पिवळट, चिवट पट्टा असेल आणि मधला भाग बरा असेल, तर तो जुन्या पॉलिशचा आहे. मध्ये पावलांनी झिजतो, कडेला साचत जातो. पाण्याने किंवा साबणाने जाणार नाही, पॉलिश काढायचं द्रावण लागतं. ते उग्र असतं, हातमोजे घाला.

नवीन टाइल्स बसवून झाल्यावर पहिल्याच दिवसापासून धुरकटपणा असेल तर तो सांधे भरतानाच्या सिमेंटचा थर आहे, पुसण्याचा दोष नाही. काम करणाऱ्या मिस्त्रीकडूनच तो काढून घ्या. त्यासाठीचे आम्लाचे क्लीनर सांधे पूर्ण सुकल्यावर, टाइलचा प्रकार बघून लावायचे असतात.

थर परत दिसला तर

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पट्टे दिसले तर घाबरून बाटली उचलू नका. आधी पोछा काचेच्या भांड्यात पिळून बघा. मग टोपणाचं माप बघा, नवी बाटली आणली असेल तर तिचं टोपण मोठं असू शकतं, आणि काही लिक्विड जास्त दाट असतात. मग नळाच्या पाण्याचा स्रोत बदललाय का ते बघा: टाकीत बोअरचं पाणी यायला लागलं की फरशी आठवड्याभरात सांगते. पाण्याचा विचार करूनही समजलं नाही, तर एक फरशी निम्मी नळाच्या आणि निम्मी आरओच्या पाण्याने, त्याच फडक्याने, साबणाशिवाय पुसा. आरओचा अर्धा स्वच्छ वाळला आणि नळाचा पांढुरका, तर पाणी. दोन्ही अर्धे सारखेच धूसर, तर फडकं किंवा जुना थर. आमच्याकडे मागच्या महिन्यात हे केलं तेव्हा दोन्ही अर्धे धूसर निघाले, आणि कारण सापडलं कपड्यांच्या मशीनमध्ये: चुकून पोछा टॉवेलांबरोबर गेला होता आणि त्या फेरीत कंडिशनर होतं. तो पोछा गरम पाण्यात तीनदा खळबळून काढला, खोली एकदा साध्या पाण्याने पुसली, आणि संध्याकाळी ट्यूबलाइटची रेघ पुन्हा सरळ दिसली.